डोंगराला पोरं दाखवणारी बाई

जागा बघायला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी आमचं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठे तेही विचारलं नाही. ओट्यावर पाय पसरून त्या एका जाड खाकी कापडाला टाके घालत बसल्या होत्या. दाभण बाजूला ठेवून त्यांनी मला एकदा नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "मुलं किती?"

"अजून नाहीत," मी म्हटलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

"पण होतील ना?"

मी लाजून चूर. शेजारी माझे यजमान रस्त्यावरची बैलगाडी बघू लागले. सासरे मात्र सरसावले. ते ठाण्याच्या कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. व्यवहाराची बोलणी त्यांचीच. "मालकीणबाई, भाड्याचं काय ते आधी ठरवू या."

"भाडं पळून जातंय का? ज्या घरात पोरं नाहीत त्यांना मी जागा देत नाही. व्हायची असतील तर देते. आणि हो, चालती हवीत."

"चालती म्हणजे?"

"म्हणजे कडेवरची नकोत. नुसती मोठी माणसं घरात भरून मी काय करू? ती काही माझ्याबरोबर डोंगरावर यायची नाहीत."

अशा रीतीनं नौपाड्यातल्या त्या दुमजली कौलारू घरात आम्हांला दोन खोल्या मिळाल्या. देश स्वतंत्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. घरामागे तेव्हा भातशेती होती, आणि शेतांच्या पलीकडे येऊरचा डोंगर थेट आमच्या मोरीच्या खिडकीतून दिसायचा. घरात सहा बिऱ्हाडं, बिऱ्हाडागणिक दोन-तीन कच्चीबच्ची. ती सगळी मालकीणबाईंना 'डोंगरआजी' म्हणत.

यजमान जंगलखात्यात होते त्यांचे. लग्नानंतरची वीस वर्षं बाईंनी जव्हार-डांगच्या रानांत रावट्यांमधून काढली. सहा महिने एका जागी, मग खुंट्या उपटायच्या की पुढे. एकुलता एक मुलगा रावटीतच रांगला, रावटीतच बोलायला शिकला. तो पुढे दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर गेला. "आणि आता त्याला पंख्याशिवाय झोप येत नाही," असं त्या सांगत, आणि सांगताना तोंड असं करत की जणू मुलानं दारूच धरली आहे.

यजमान गेल्यावर बाई ठाण्यात आल्या त्या दोन रावट्या, चार कंदील, पाण्याच्या कॅनव्हासच्या छागली, दोर आणि पोतंभर खुंट्या घेऊन. आमच्या घरांत भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी. यांच्या भिंतीवर हे सगळं ओळीनं टांगलेलं. देव एका कोनाड्यात. "त्यांना काय, ते कुठेही राहतात. छागल मात्र हवेशीर टांगावी लागते, नाहीतर पाण्याला वास येतो."

पेहराव म्हणाल तर नऊवारी लुगडं, घट्ट काष्टा, आणि पायांत यजमानांचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेले. पन्नाशी उलटून गेलेली विधवा बाई बूट घालून बाजारात जाते म्हटल्यावर आळीत काय काय बोललं जाई ते मी लिहीत नाही. सुरुवातीला मीही पदर तोंडाला लावून हसत असे. त्यांना हे माहीत होतं. एकदा जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "हस बाई, हस. पण तुझ्या पायाला त्या चपलेनं फोड आलाय, तो आधी दाखव." मग स्वतः बसून त्यांनी माझ्या टाचेला मेण चोळलं. त्यानंतर मला हसू आलं नाही असं नाही, पण तोंडाला पदर लावायचं सोडलं.

लढाई संपल्यावर कल्याणच्या बाजारात लष्करातला उरलेला माल उतरायचा. हॅवरसॅक, पाण्याच्या बाटल्या, मेणकापडं, मच्छरदाण्या, काय म्हणाल ते. बाई महिन्यातून एकदा तिथे जात. एकदा मला सोबत नेलं. दुकानदार फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेला सिंधी गृहस्थ, बाईंना 'माताजी' म्हणायचा. त्यांनी आठ हॅवरसॅक बाजूला काढल्या तेव्हा त्याला राहवेना. "माताजी, फौज में कौन है आपका?"

"पूरी पलटन है," बाई म्हणाल्या. "सबसे बडा शिपाई आठ वर्षका."

घरी आल्यावर त्या हॅवरसॅक उसवल्या गेल्या. एकीतून पोरांच्या दोन पाठपिशव्या निघत. पट्टे आखूड, आतून जुन्या गोधडीचं अस्तर, आणि बाहेर एक छोटा खिसा. त्या खिशात काय ठेवायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं आणि तिथे मोठ्यांनी हात घालायचा नाही, असा नियम. राहिलेल्या कापडाच्या टोप्या होत. माझ्या माहितीत साऱ्या ठाण्यात तेव्हा मुलांच्या मापाचं डोंगराचं सामान आमच्या एकाच घरात होतं.

दर वैशाखात, शाळेला सुट्टी लागली की, बाई आम्हां बायकांना आणि पोरांना घेऊन तीन दिवस येऊरच्या डोंगरावर मुक्काम करीत. पुरुषांना सुट्टी मिळत नसे, आणि बाईंना ते फारसे नकोच होते. "त्यांना तिथे चहा लागतो," एवढंच कारण त्या देत. याला त्या सहल म्हणत नसत. 'डोंगराला पोरं दाखवून आणू' म्हणत. जसं बाळंतीण बाळाला देवाला दाखवून आणते तसं.

निघायच्या आदल्या दिवशी सामानाची झडती होई. प्रत्येकीनं आपलं गाठोडं ओट्यावर आणून सोडायचं. त्या गाठोड्यांतून काय काय निघालेलं मी पाहिलंय! उशा. गजराचं घड्याळ. लोणच्याची चिनीमातीची बरणी. एकदा तर वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या गाठोड्यातून अख्खा पोळपाट निघाला.

"हा कशाला?"

"पोळ्या कशावर लाटू?"

"भाकरी थाप. तिला पोळपाट लागत नाही."

"आमच्याकडे भाकरी खात नाहीत."

"डोंगरावर खातात," बाई म्हणाल्या आणि पोळपाट उंबऱ्याच्या आत सरकवला. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, सामान माणसाहून मोठं झालं की माणूस हमाल होतो. दुसरं ठरलेलं वाक्य पोरांसाठी: तहान लागायच्या आधी प्या आणि दमायच्या आधी बसा. ही दोन वाक्यं मी पुढे आयुष्यात भलत्याच ठिकाणी वापरली आहेत आणि ती उपयोगी पडली आहेत.

पण बायकांना वैशाखात घराबाहेर काढणं सोपं नव्हतं. कारण एकच, वाळवणं. वर्षाचे पापड, कुरडया, सांडगे याच महिन्यात व्हायचे. गच्चीवर कुरडया वाळत असताना घरची बाई डोंगरावर जाते म्हणजे काय? पहिल्या वर्षी सगळ्यांनी तेच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग ती पण घ्या बरोबर. वर हे एवढं कातळ पसरलंय, वारा आहे, ऊन आहे. तुमच्या गच्चीवर आहे काय? कावळे."

लोणच्याची बरणी चालत नाही आणि पापडाचं पीठ चालतं, हा कुठला न्याय, असं काकू पुटपुटल्या. पण आम्ही गेलो. छबी, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला मी पाठीशी बांधून नेलं. वर झऱ्याजवळच्या झाडाखाली आम्ही पाच जणींनी पितळी ताटं पालथी घालून त्यांच्यावर उडदाचे पापड लाटले आणि सावलीतल्या कातळावर मांडत गेलो. पाखरांची काळजी होती म्हणून दोन पोरं काठ्या घेऊन बसवली. वाऱ्याची काळजी कुणीच केली नव्हती. दुपारी एक झुळूक आली, मग एक सोसाटा आला, आणि आमचे शे-दीडशे पापड कातळावरून उठले आणि उताराकडे निघाले. आम्ही पाच बायका ओचे खोचून त्यांच्यामागे. पोरं टाळ्या पिटतायत. बाई झाडाचा बुंधा धरून हसताहेत, डोळ्यांतून पाणी.

तासाभरानं खालच्या पाड्यावरच्या दोघीतिघी वर आल्या. त्यांच्या टोपलीत आमचे पापड.

"बाय, ही तुमचीच ना? आमच्या कुडावर येऊन पडली."

त्यांच्याच चुलीवर मग ते पापड भाजले आणि त्यांनी आणि आम्ही मिळून खाल्ले. वर्षभर घरात पापड नव्हता, पण मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, एका शब्दानं विचारलं नाही, कारण काकूंनी त्यांना सांगितलं होतं की पापड वाऱ्यानं नेले. आणि वारा हा कुणाच्या अखत्यारीतला विषय नव्हता. पुढच्या वर्षी बाईंनी कल्याणहून लष्करी मच्छरदाणी आणली आणि पापडांवर ताणून चारी बाजूंनी रावटीच्या खुंट्या ठोकल्या. त्यानंतर एकही पापड उडाला नाही. त्या वर्षी छबी पावणेदोन वर्षांची होती आणि निम्मा डोंगर आपल्या पायांनी चढली होती. बाई तिला 'माझी हवालदार' म्हणत.

बाईंचा शेवटचा काळ दिल्लीला मुलाकडे गेला, त्यांच्या नावडत्या पंख्याखाली. आळीतल्या नव्या लोकांना त्या आठवतही नसतील. पण मला ज्यासाठी त्या रोज आठवतात ते अजून सांगायचंच आहे.

छबी सव्वातीन वर्षांची असताना थंडीच्या तोंडी तिला विषमज्वर झाला. एकवीस दिवसांचा म्हणतात तो ताप आमच्याकडे चाळीस दिवस राहिला. मी रात्रंदिवस तिच्या छातीवर हात ठेवून बसायची. शेवटी ताप उतरला. डॉक्टर चांगले होते, त्यांनीच तिला वाचवलं. निघताना पायांत बूट चढवत ते मामंजींना म्हणाले, "आता धोका टळला. थोडं थांबून हवापालट करा. पण पोरगी फार अशक्त झालीय. मी सांगेन तोवर तिला जमिनीवर पाय ठेवू द्यायचा नाही."

दहा-बारा दिवसांत डॉक्टरांची बदली झाली. जायच्या गडबडीत आमची छबी त्यांच्या डोक्यातून निघून गेली असणार. आमच्यासारखी पन्नास घरं होती त्यांची. मी त्यांना दोष देत नाही.

पण आमच्याकडे हुकूम कायम राहिला. मामंजींची सगळी हयात कचेरीत गेलेली. ज्यानं हुकूम काढला त्यानंच तो मागे घ्यायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी डॉक्टरांच्या नव्या ठिकाणी पत्र घातलं. उत्तर नाही. मग स्मरणपत्र घातलं. मग दुसरं स्मरणपत्र. नव्या डॉक्टरांना विचारू या म्हटलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या रोग्यात ते कशाला पडतील? आणि पडले तर ते योग्य का?" छबीचे वडील सकाळी आठला बाहेर पडत ते दिवेलागणीला येत, आल्यावर लेकीला खांद्यावर घेत आणि तिला ते आवडे. वडिलांपुढे बोलायची त्यांची पद्धत नव्हती.

आणि मी? खरं सांगते. हुकूम मामंजींचा, पण सोय माझी होती. चाळीस दिवस जिचे श्वास मोजले, ती आता माझ्या कडेवर होती, तिचं वजन माझ्या कमरेला कळत होतं. खाली ठेवली असती तर ती पडली असती, धावली असती, दाराबाहेर गेली असती. मला ते नको होतं. महिना गेला, दोन गेले, पाच होत आले. तिचे पाय काटक्यांसारखे दिसू लागले. पूर्वी ती खाली उतरायला रडायची. चैत्रापर्यंत तेही थांबलं. ती हात वर करायची आणि आम्हांपैकी कुणीतरी उचलायचं.

एकदा काकूंचा धाकटा तिला म्हणाला, "छबे, चल ना लपंडाव खेळायला."

ओट्यावर मांडलेल्या पाटावरून छबी म्हणाली, "मी चालायची नाही. मी उचलायची आहे."

बाई तिथेच टोपी शिवत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून गहू निवडत राहिले.

त्याच संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या. "शिरस्तेदार, तुमच्या नातीला यंदा डोंगरावर नेते."

"तिला चालायची मनाई आहे," मामंजी म्हणाले.

"चालवत नाही. माझ्या पाठीवरून नेते. डॉक्टर हवापालट म्हणाले होते ना?"

म्हणाले होते खरं, हे मामंजींना नाकारता येईना. ते म्हणाले, "पण पाय जमिनीला लागता कामा नये."

"माझ्या हातून लागणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मग बाईंनी एका रावटीचा दाराचा पडदा कापला. यजमानांची रावटी, आठवणीची. मला कसंतरी झालं. त्या म्हणाल्या, "दाराशिवाय रावटी चालते. हिला झोळी हवी." तीन दिवस खपून त्यांनी ती झोळी शिवली. पाय बाहेर सोडायला दोन भोकं, खांद्यांना रुंद पट्टे, त्यांत गोधडीचे तुकडे, आणि वर उन्हाला आडोसा म्हणून वेताच्या कांबीवर ताणलेलं छोटं छप्पर. पोरीचं तोंड मागे. झोळी तयार झाल्यावर तिच्यात रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, पिशवी बसवून बाई भर दुपारी आळीतून येरझाऱ्या घालू लागल्या. लोक खिडक्यांतून बघत होते. "आजी, कुणाचं बाळ?" कुणीतरी ओरडलं. "सरकारचं!" बाई म्हणाल्या. "फार जड आहे, आणि शिजतही नाही."

आम्ही पहाटे निघालो. चार बिऱ्हाडांच्या बायका, नऊ मुलं. शेतांच्या बांधांवरून उपवनच्या तळ्याकडे, आणि तिथून चढ. पुढे बाई, त्यांच्या पाठीवर छबी, आणि तिच्या बरोबर मागे मी. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती माझ्या अंगावर नव्हती, समोर होती. मी तिच्याकडे बघत चढत होते, ती माझ्याकडे बघत वर जात होती. मध्येच एखादं पाखरू फडफडलं की ती झोळीत उसळायची.

अर्धा चढ झाल्यावर मी म्हटलं, "दमला असाल. द्या माझ्याकडे."

"दमले नाही. लाथा खातेय." बाई थांबल्या. "मोर ओरडला तेव्हा डाव्या बाजूला एक बसली, ती अजून ठणकतेय. वीस वर्षं रानात काढली मी, पोरी. जी पोर बसल्या जागी अशी लाथ मारते तिच्या पायांत जोर नाही, असं मला कुणी सांगू नये."

मी झोळीतून लोंबणाऱ्या त्या पायांकडे बघत चढू लागले.

वर गेल्यावर मुक्काम पडला. बाईंनी शब्द कसा पाळावा? त्यांनी झोळी छबीसकट पाठीवरून उतरवली आणि एका बुटक्या झाडाच्या जाड फांदीला दोरानं टांगली. पाय जमिनीपासून वीतभर वर. छबीला पहिल्यांदा मजा वाटली, झोका वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातळ अजून थंड होता. खाली ठाण्याची तळी, खाडी, त्यापलीकडे पारसिकचा डोंगर असं सगळं धूसर दिसत होतं. पोरं झऱ्याच्या बारीक धारेला दगडमातीचा बांध घालत होती. छबी फांदीवरून बघत होती. बराच वेळ बघत होती.

"आई, मला उचल."

"कुठे जायचं?"

"तिकडे."

तिकडे म्हणजे वीस पावलं. मी बाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. "तुम्ही उतरवता का तिला? जरा वेळ?"

"मी? मी शब्द दिलाय."

"मग?"

"तू दिलायस का?"

मला तर कुणी विचारलंच नव्हतं. "पण डॉक्टर म्हणाले होते, मी सांगेन तेव्हाच."

"मग बस वाट बघत. येतीलच डोंगर चढून."

"आणि मामंजींना काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. मी घरमालकीण आहे तुझी, सासू नाही." एवढं म्हणून त्या पुन्हा खडे वेचू लागल्या. मी तिथेच उभी. थोड्या वेळानं मान वर न करता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझा मुलगा असाच उठला होता तापातून. डॉक्टर तीस मैलांवर. सांगायला कुणी नव्हतंच पोरी. मग मीच सांगितलं. पाय माझेच लटपटत होते."

मी झाडाकडे गेले. झोळीतून छबीला काढलं. मी वाकले आणि तिला कातळावर उभं करायला गेले, तर तिनं दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि माझ्या गळ्याला मिठी मारली.

"डॉक्टर रागावतील."

"नाही रागावणार."

"कोण म्हणालं?"

आजूबाजूला पाहिलं. म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. "मी म्हणतेय," मी म्हटलं.

तिचे पाय कातळाला टेकले. क्षणभर ती उभी राहिली आणि मग गुडघे दुमडून धपकन खाली बसली. मोठ्यानं रडायला लागली. मीही रडायला लागले. तिला उचलायला पुढे झाले, तोच मागून आवाज आला, "रडू दे. तूही रड. उचलू मात्र नकोस."

ती दोन-चार मिनिटं मला माझ्या बाळंतपणापेक्षा अवघड गेली. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. माझं पोर माझ्यासमोर रडतंय आणि मी उचलत नाही. मग तिचं रडणं थांबलं, कारण पोरांचा बांध एका बाजूनं फुटला होता आणि त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. "अरे, इथून पाणी जातंय!" ती ओरडली. कुणी ऐकलं नाही. ती बुडावर घसरत दोन हात पुढे गेली. पुन्हा ओरडली. मग वैतागून तिनं माझ्याकडे पाहिलं, माझं बोट ओढून घेतलं आणि उठली. एक पाऊल. थांबली. दुसरं. सातव्या पावलाला बसली, आठव्यासाठी पुन्हा उठली. बांधापाशी पोचल्यावर तिनं मूठभर चिखल त्या भोकात दाबला आणि काकूंच्या धाकट्याला म्हणाली, "कधीची सांगतेय!"

मी मागे वळून बाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडतच होत्या, पण सूप उलटं धरलं होतं.

दोन दिवस ती बोट धरून सपाटीवर चालली. दमली की बसायची, आणि बसायची ती दमायच्या आधी, तेवढं डोंगरआजीचं ऐकायची. उतार तिला झेपला नसता म्हणून खाली येताना पुन्हा झोळी. घराजवळच्या कोपऱ्यावर बाई एकाएकी थांबल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"काढ हिला. इथून झोळीत नेलीस तर सगळं डोंगरावरच राहिलं म्हणून समज."

मी तिला काढलं. आमच्या दारापर्यंतचे ते शंभर-सव्वाशे हात आम्ही बराच वेळ चाललो. मामंजी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि उभे राहिले.

"सूनबाई, डॉक्टरांचं पत्र आलं का?"

"नाही."

ते बाईंकडे वळले. "मालकीणबाई, तुमचा शब्द होता."

"पाळलाय," बाई म्हणाल्या. "माझ्या हातून नाही उतरली. विचारा हिला."

"मग परवानगी कोणी दिली?"

लग्न होऊन आल्यापासून मी मामंजींना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांच्यासमोर खुर्चीवरही बसले नव्हते. छबीचं बोट माझ्या मुठीत होतं, घामानं निसरडं झालेलं.

"मी दिली," मी म्हटलं.

छबीनं माझा हात सोडला, ओट्याच्या पायरीला दोन्ही हात लावले आणि एक पाय वर टाकला. मामंजी तिच्या पायांकडे बघत राहिले. पाच महिने त्या तळव्यांना मातीचा कण लागला नव्हता. आता ते घोट्यापर्यंत काळे झाले होते, बोटांच्या बेचक्यांत चिखल वाळला होता. मी बोलणी खायच्या तयारीत उभी होते. मामंजींनी चष्मा पुन्हा एकदा काढला. मग बाहेरून येणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ते ज्या करड्या आवाजात सांगत, त्याच आवाजात म्हणाले, "छबे, पाय धुवून आत ये."